डॉक्टरीणबाईंची ढेकणांची बाटली

“मेले ते मला दाखवू नका. उरले कोण, ते दाखवा!”

हे वाक्य आमच्या डॉक्टरीणबाई इतक्यांदा म्हणायच्या की दवाखान्यातली आया चहाचे कप विसळतानासुद्धा तेच पुटपुटायची. बाई बोलायच्या ढेकणांबद्दल. म्हणजे सुरुवातीला मला तसंच वाटलं. हैदराबादेहून मोठी डिग्री घेऊन आलेली बाई भर दुपारी बाजा उलट्या करून ढेकूण वेचतेय, हे पहिल्या दिवशी पाहिलं आणि मी कपाळाला हात लावला. म्हटलं, झालं कल्याण! कुठल्या वेडीच्या हाताखाली येऊन पडलो आपण.

परभणीत बायकांचा एक लहानसा दवाखाना होता, तिथं मी नर्स होते. निजामाचं राज्य जाऊन काही वर्षं झाली होती, तरी कपाटांवर, फायलींवर अजून उर्दू अक्षरं होती, आणि बाई रागावल्या की उर्दूतच रागवायच्या. त्या रागावल्या नाहीत असा दिवस मला आठवत नाही. ठेंगणी मूर्ती, पांढरं पातळ, पायात पुरुषी बूट आणि चष्म्याची एक काडी मोडलेली म्हणून तिथं सुतळी. बाई, नवा चष्मा का घेत नाही, असं मी एकदा विचारलं. “मला दिसतं,” त्या म्हणाल्या. “तुम्हा लोकांना दिसत नाही. तुम्ही घ्या.”

जेवायच्या उभ्यानं. ज्वारीची भाकरी, वर ठेचा, हातात कांदा, आणि खाता खाता वॉर्डात चक्कर. खुर्ची दिली तर खुर्चीवर पिशवी ठेवायच्या आणि स्वतः उभ्याच. स्टोव्ह पेटला नाही तर त्याच्याशी भांडायच्या. “नामाकूल, तुला पण आजच मरायचं होतं?” असं बंद दाराआडून ऐकू यायचं, आणि बाहेर बाकावर बसलेल्या बाळंतिणींच्या सासवा एकमेकींकडं बघून पदर तोंडाला लावायच्या.

बाईंसमोर ‘बरं वाटायलंय’ म्हणायची सोय नव्हती. एखादी बिचारी भोळेपणानं म्हणून जायची. लगेच बाई कमरेवर हात ठेवून उभ्या. “बरं कुणाला वाटतंय? तुला, का तुझ्या दुखण्याला? त्याला विचारलंस?” ती रडकुंडीला यायची. कुणी पेढे आणले तर पुडा तसाच परत. “आत्ता कशाला? पुढच्या साली या, स्वतःच्या पायांनी या, मग खाते.” लोक म्हणायचे, हिला कुणाचं बरं झालेलं बघवतच नाही. मीही म्हणायचे.

आता त्या बाटलीचं सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. त्या वर्षांत हिवतापासाठी डीडीटी मारणारे गावोगाव फिरत. पंपानं घरातल्या भिंती भिजवायचे, वाळल्यावर पांढरे ओघळ राहायचे. डास किती मेले देव जाणे, पण ढेकूण मात्र सुरुवातीला सटासट मेले. लोकांनी डीडीटीवाल्यांना दूध पाजलं, गुळाचा चहा पाजला. मग एकदोन वर्षांनी ढेकूण परत आले ते दामदुपटीनं. लोक म्हणाले, पावडरीत भेसळ केली सरकारनं! आपल्याकडं हे ठरलेलंच असतं.

बाईंचा त्यावर विश्वास बसला नाही. त्यांनी टॉनिकची एक रुंद तोंडाची बाटली घेतली, आत डीडीटी चोळलेला कागद सरकवला, आणि फवारणी झालेल्या घरातले, बाजांतले जिवंत ढेकूण आणून त्यात सोडायला सुरुवात केली. दुपारी पेशंट उरकले की बाटली उजेडात धरून बघत बसायच्या. ढेकूण आरामात फिरत असायचे.

“जहर तेच आहे,” त्या मला म्हणाल्या. “जहर बिघडलेलं नाही. ढेकूण ते राहिले नाहीत. मरणारे पहिल्याच दणक्यात मेले. जे चारदोन कम्बख्त टिकले, ही सगळी त्यांची औलाद. म्हणून म्हणते, मेलेले बघून नाचू नका. उरलेला बघा, उद्याचं राज्य त्याचं आहे.”

पण ते चारदोन टिकले कशानं? तर बाईंचं पक्कं मत होतं की लोकांच्या गलथानपणानं. आमच्याकडं सणासुदीला बाया पांढऱ्या मातीनं भिंती पोतारतात. ओलं पोतेरं घेऊन वरून खाली हात फिरवायचा, की भिंत लख्ख. डीडीटीचे ओघळ बायांना कसे चालतील? फवारणीवाल्यांची पाठ वळायचा अवकाश, की पांढरी माती कालवलीच! औषध मातीखाली गाडलं जायचं. ढेकणाला मरण्यापुरतं विष मिळायचं नाही, नुसतं चाटवल्यासारखं व्हायचं. बाईंचा जीव खालीवर व्हायचा. त्यांच्या दवाखान्यात मात्र भिंतीला बोट लावायची कुणाची टाप नव्हती.

एकदा मुंबईहून कुणी मंत्री येणार म्हणून सरकारी माणसं चुन्याच्या बादल्या घेऊन आली. आमचा मुलूख नुकताच मुंबई राज्यात गेला होता, सगळ्या कचेऱ्यांची रंगसफेदी चालली होती. बाई छत्री आडवी धरून वॉर्डाच्या दारात उभ्या राहिल्या. “भिंतीला चुना लावायचा तर आधी मला लावा.” साहेब आला, त्यानं समजावलं, दरडावलं, कागद दाखवला. बाई हलल्या नाहीत. शेवटी मंत्र्यानं ओघळलेल्या भिंतींचा दवाखाना बाहेरूनच बघितला आणि गाडी पुढं गेली. आम्ही पोट धरधरून हसलो. त्या भिंतींचं एवढं अगत्य मला पुढं निराळ्याच कामी येणार होतं, हे तेव्हा कुठं माहीत होतं?

माझी थोरली बहीण बोरीला दिलेली होती. घरची शेती, सासू, नवरा, लग्नाला आलेली लेक. आम्ही तिला अक्का म्हणायचो. अक्का म्हणजे कजाग. आमच्या दाजींना भर चौकात गप्प बसवायची, बैल बिचकला तर बैलाला दम भरायची. घर मात्र आरशासारखं ठेवायची. गावात तिच्यासारखं पोतारणारी दुसरी बाई नव्हती, हे तिची सासूसुद्धा कबूल करायची, आणि ती बाई सहसा काही कबूल करणाऱ्यातली नव्हती.

अक्काचं पोट वाढायला लागलं. सासूला वाटलं दिवस गेले. अक्कालाही तेच वाटलं, आणि लेकीच्या लग्नाच्या वयात आपण पोटुशी म्हणून ती लाजेनं घराबाहेर पडेना. माझ्यापासूनही लपवलं! दम लागून बसवेना, निजवेना झालं तेव्हा दाजींनी जिंतूरच्या मोटारीनं तिला परभणीला आणलं. बाईंनी पोट तपासलं, ठोकून बघितलं, आणि हात धुता धुता दाजींवर अशा बरसल्या की बाहेरची गर्दी पांगली. मग मला आत बोलावलं आणि दार लावलं.

“दिवस नाहीत. पाणी आहे. आणि गाठ आहे, अंडाशयाची. कॅन्सर.”

आयुष्यात पहिल्यांदा त्या माझ्याशी हळू बोलल्या. मला त्याचाच जास्त धसका बसला.

हैदराबादला बाईंच्या जुन्या प्रोफेसरनं अक्काचं पोट उघडलं. मोठी गाठ काढली, पण आतल्या पडद्यावर ज्वारी सांडावी तसे बारीक दाणे पसरलेले होते. ते सगळे निघण्यातले नव्हते. त्यांच्यासाठी एक अगदी नवं औषध निघालं होतं, लढाईत वापरतात त्या विषारी वायूच्या जातकुळीतलं. बाईंनी तारांवर तारा करून, प्रोफेसरशी भांडून त्याच्या गोळ्या मिळवल्या. औषधाच्या दिवसांत अक्का माझ्या खोलीवर राहायची. रोज बाईंसमोर गोळी गिळायची आणि तोंड उघडून, जीभ बाहेर काढून दाखवायची. “लहान लेकरू हाय का मी?” असं रोज म्हणायची, आणि रोज दाखवायची.

ते विष गाठीच्या पेशी मारायचं तसं रक्तातल्याही मारायचं. म्हणून काही दिवस द्यायचं, थांबायचं, रक्त बघायचं, अंगात जोर आला की परत द्यायचं. ते थांबणं बाईंना सोसायचं नाही. गोळ्यांच्या सुट्टीचे दिवस आले की त्या वॉर्डात नुसत्या येरझाऱ्या घालायच्या. “आपण इथं रक्ताची वाट बघत बसायचं, आणि ते हरामखोर तेवढ्यात आपली बाळंतपणं उरकून घेणार!” सूक्ष्मदर्शकावर डोळा लावून त्या असं पुटपुटायच्या, आणि मला वाटायचं, ढेकणांचं नि कॅन्सरचं हिच्या डोक्यात एकच झालंय.

पण गुण आला. हो, मी म्हणणार, गुण आला! पोट उतरलं. अक्का चालायला लागली, जेवायला लागली, माझ्या खोलीतल्या भांड्यांना नावं ठेवायला लागली. मी बाईंना पेढे नेऊन दिले. त्यांनी पुडा परत केला. मी तो त्यांच्या टेबलावर आपटला आणि निघून आले.

दसऱ्याच्या तोंडावर अक्का बोरीला गेली. आठवड्यानं बाई आणि मी तिचं रक्त घ्यायला मोटारीनं गेलो. दारातूनच दिसलं, अक्का पदर खोचून उभी, शेजारी माती कालवलेलं गाडगं, आणि तिच्या खोलीची भिंत अर्धी पोतारून झालेली. सासू कौतुकानं बघत बसलेली. मला इतकं भरून आलं की काय सांगू. जी बाई मरायला टेकली होती ती भिंत पोतारायलीय!

बाईंना मात्र काय दिसलं? डीडीटीचे ओघळ आणि त्यावर माती.

“काय चाललंय हे?” त्या ओरडल्या.

“दसरा आलाय की, बाई. भिंती कशा दिसायल्यात बघा तरी.”

“बेवकूफ बाई! औषधावर माती फासतेस? अर्धं झाकलं, अर्धं उघडं! मरतील कशानं ते? अर्धवट विष चाटवून सोडलं की दुप्पट माजतात. पोटातपण असंच करशील, अर्धवट! आणि मग रडत येशील माझ्याकडं!”

अक्काच्या हातातलं पोतेरं गाडग्यात पडलं. मी बाईंचा दंड धरून त्यांना बाहेर नेलं. परतीच्या मोटारीत त्या ढेकणांवर बोलत होत्या आणि मी खिडकीतून बाहेर बघत होते. तोंड उघडलं असतं तर नोकरी गेली असती.

थंडीत पाणी परत भरलं.

बाईंनी गोळ्या परत सुरू केल्या. मग वाढवल्या. अक्का गिळायची, जीभ दाखवायची. पोट वाढतच गेलं. ज्या गोळीनं आधी पोट उतरवलं होतं, तीच गोळी आता खडीसाखर खावी तशी वाया जात होती. बाई पोटातलं पाणी काढायच्या, काचेवर थेंब घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या, आणि कुणाशी बोलायच्या नाहीत. शेवटी औषध बंद केलं आणि अक्काला घरी नेलं.

आता माझ्या रागाचं ऐका. सासू म्हणाली, “पथ्य मोडलं आसंल. वांगं खाल्लं आसंल.” दाजी म्हणाले, “गोळ्या थुकून टाकायली आसंल, तिला कडू चालतच नव्हतं.” शेजारीण म्हणाली, मनच खचलं तर औषध काय करील. जो तो येऊन अक्काचीच चूक काढून जायचा. आणि खेड्यातल्यांनाच कशाला बोल लावू? आमच्या शिकलेल्या डॉक्टरांची भाषा काय निराळी आहे? ‘पेशंट औषधाला दाद देत नाही.’ आजही म्हणतात! अरे, पेशंट कशाला दाद देईल? तिनं दिली तेवढी दाद कुणी दिली नसती. दाद देत नाही ती गाठ! परवा एका तरुण डॉक्टरनं मला समजावून सांगितलं, त्या पेशींत काही अशा असतात की औषध आत आलं की बाहेर ढकलतात, काही त्याचं विष उतरवून टाकतात, काही औषधानं केलेली मोडतोड आतल्या आत दुरुस्त करून घेतात. बाकीच्या मरतात, या उरतात आणि वाढतात. हे सांगायला तेव्हा कुणी का आलं नाही माझ्या अक्काच्या बाजेपाशी?

आणि अक्का! जी कुणाचं ऐकून घ्यायची नाही, ती गप्प. सासू बोलली तरी गप्प, दाजी बोलले तरी मान खाली. मला ते बघवेना. मी तिला म्हटलं, “अक्का, बोल की गं काहीतरी! दे की एक सणसणीत ठेवून!”

ती समोरच्या भिंतीकडं बघत होती. भिंत दसऱ्याला सोडली तशीच, अर्धी पोतारलेली, अर्धी ओघळलेली. तिनं कुणाला हात लावू दिला नव्हता.

“खरंच हाय त्यांचं,” ती म्हणाली. “बाई बोलल्या व्हत्या मला. पोटात बी असंच करशील म्हणल्या. मीच अर्ध्यावर माती फासली. माझ्याच हातानं त्यांना माजवलं म्या.”

मी तशीच उठले. मोटार मिळाली तिनं परभणी गाठली आणि भरल्या दवाखान्यात बाईंसमोर जाऊन उभी राहिले. काय काय बोलले ते आता आठवत नाही, पण मोठ्यानं बोलले. “तुमची जीभ आवरली असती तर काय बिघडलं असतं? तुमचं ते ढेकूणपुराण माझ्या बहिणीच्या डोक्यात बसलंय. गाठीनं मरायचीच आहे ती, आता तुमच्या शिवीनंही मरतेय! काढा तुम्ही मला नोकरीवरून!” आयानं तोंडात पदर कोंबला होता. बाईंवर कुणी आवाज चढवला, हे त्या दवाखान्यानं पहिल्यांदा बघितलं.

बाईंनी चष्मा काढला. सुतळी सोडली, परत बांधली. “सकाळची पहिली मोटार किती वाजता असते?” एवढंच त्यांनी विचारलं.

सकाळी पिशवीत बाटली घेऊन त्या मोटारतळावर उभ्या होत्या. बोरीला पोचल्यावर त्यांनी आधी सासूला आणि दाजींना आत बोलावलं, मग अक्काच्या बाजेवर, अगदी तिच्या पायांशी बसल्या. बाईंना बसलेलं मी क्वचितच पाहिलं होतं. बाटली अक्काच्या हातात दिली.

“हे बघ. जिवंत आहेत ना?”

“हायत की.”

“कुठले आहेत माहीत आहे? माझ्या वॉर्डातले. त्या वॉर्डाच्या भिंतीला कुणी बोट लावलेलं नाही. मंत्री आला तरी मी लावू दिलं नाही, विचार तुझ्या बहिणीला. सगळ्या भिंतीवर औषध, कुठं माती नाही. तरी हे जिवंत. कितीतरी दिवस मला हे दिसतंय आणि मी तोंड मिटून बसले. माझं म्हणणं चुकलेलं होतं, ते मला गिळवत नव्हतं.”

अक्का बाटलीकडं बघत राहिली.

“उरणारे पहिल्यापासून त्यांच्यात असतात,” बाई म्हणाल्या. “हजारांत एखादा. आपल्याला दिसत नाही. बाकीचे मेले की त्याला रान मोकळं. तुझ्या पोटात तेच झालं. तू गोळी चुकवली नाहीस, पथ्य मोडलं नाहीस. भिंत पोतारली नसतीस तरी हेच झालं असतं. आजीबाई, ऐकताय ना? हिची काही चूक नाही. दाजी, तुम्हीपण ऐका. परत कुणी हिला बोललं तर माझ्याशी गाठ आहे!”

सासूनं डोळ्याला पदर लावला. दाजी खांबाला टेकून उभे होते, ते बाहेर निघून गेले.

“म्हंजी माझं काईच चुकलं न्हाई?” अक्कानं विचारलं.

“नाही.”

“मग तुमी माझ्यावर वरडलात कामून?”

बाईंनी बाटली तिच्या हातून घेऊन पिशवीत ठेवली. मग म्हणाल्या, “राग आला होता. ढेकणांना शिव्या देऊन काय होतं? तू समोर होतीस.”

“हे बरं हाय!” अक्का म्हणाली. “आन् मी एवढे दिवस झुरायले. माझी भिंत बी तशीच सोडली तुमच्यापायी. घरात कोन आलं-गेलं तर काय म्हणत आसंल?”

ती शिमग्यापर्यंतही टिकली नाही. पण त्या दिवशी बाजेवर उठून बसली. सासूला हाक मारून माती कालवायला लावली. माती आली, पोतेरं आलं, आणि ते घ्यायला मी पुढं झाले तर अक्कानं मला हातानं थांबवलं आणि बाईंकडं बोट केलं.

बाईंनी बूट काढले. पातळ वर खोचलं, पोतेरं मातीत बुडवलं आणि भिंतीवर मारलं. हैदराबादची डिग्री, पण पोतारणं कधी बापजन्मी केलेलं नव्हतं. हात आडवा चालला होता, माती कोपरापर्यंत ओघळत होती, चष्म्यावर शिंतोडे उडत होते, आणि बाई नेहमीसारख्या पोतेऱ्याला उर्दूत शिव्या देत होत्या.

“आवं, आडवं न्हाई! आडवं न्हाई!” अक्का ओरडली. आवाज घराबाहेर गेला असेल, असा ओरडली. “वरून खाली ओढा! एवढं शिकलात, तुमाला कुनी भिंत पोतारायला शिकवलं न्हाई का? आन् तो कोपरा कोन करनार, तुमचा बाप?”

बाईंनी मान खाली घातली आणि कोपऱ्यात हात घातला.